गुलामगिरीच्या इतिहासातली रत्नागिरी

मॉरिशसमध्ये वर्षाकाठी दोन सार्वजनिक सुट्ट्या अशा असतात, की एकीचा अर्थ दुसरीवाचून लागत नाही. १ फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याची आठवण होते आणि २ नोव्हेंबरला हिंदुस्थानातून करारावर मजूर आल्याची. पहिली घटना १८३५ सालची, दुसरी १८३४ ची. म्हणजे गुलामांच्या सुटकेचा कायदा लागू होण्याच्या तीनच महिने आधी त्यांची जागा घेणारी माणसं बंदराला लागलेली होती. ‘ॲटलस’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून आलेली ती पहिली छत्तीस माणसं. पुढच्या पाऊणशे वर्षांत जवळपास साडेचार लाख लोक असे आले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासमार्गे, थोडे मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले कुणबी, मराठे, महार बरेच होते. तिथले मराठी भाषक आजही गणेशोत्सवात ‘झाकरी’ नाचतात. संगमेश्वर-गुहागरकडच्या माणसाला त्यात आपली जाखडी लगेच ओळखू येईल.

शाळेत गुलामगिरी शिकवली जाते ती अमेरिकेची. कापसाचे मळे, अब्राहम लिंकन, यादवी युद्ध; धडा संपला. विषय फार दूरचा, असं मनात धरूनच विद्यार्थी पुढच्या पानाकडे वळतो. पण या इतिहासाचा एक ठळक धागा कोकणपट्टीतून जातो, आणि तो दाखवल्याशिवाय हा विषय आपल्या मुलांना शिकवला असं म्हणता येणार नाही.

धाग्याचं दुसरं टोक क्वेकर पंथीयांच्या हाती सापडतं. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या उपदेशातून हा पंथ उभा राहिला. त्यांच्यात पुरोहित नाही, मंत्र नाही, मूर्ती नाही. माणसं एका साध्या खोलीत गप्प बसतात आणि ज्याला आतून बोलावंसं वाटेल तो उठून बोलतो. प्रत्येक माणसाच्या ठायी देवाचा अंश आहे, ही त्यांची श्रद्धा. असं असूनही पहिली शंभर वर्षं यांच्यातल्याच पुष्कळांनी गुलाम बाळगले. पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन क्वेकर होता, आणि त्याच्याकडेही गुलाम होते. १६८८ मध्ये जर्मनटाऊन या वस्तीतल्या चौघांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला. तो एका सभेकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे फिरत राहिला आणि शेवटी बाजूला पडला.

तो विषय पुन्हा वर काढणाऱ्यांत बेंजामिन ले हा विलक्षण माणूस होता. उंची जेमतेम चार फूट, पाठीला कुबड. बार्बाडोस बेटावर उसाच्या मळ्यांतल्या गुलामांचे हाल त्याने डोळ्यांनी पाहिलेले. १७३८ मध्ये न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टन इथे क्वेकरांची वार्षिक सभा भरली, तेव्हा हा अंगावर मोठा झगा घेऊन आला. झग्याखाली लष्करी पोशाख आणि तलवार. हातात एक जाड पुस्तक. आतून कोरून पोकळ केलेलं, आणि त्या पोकळीत तांबड्या रानफळाच्या रसाने भरलेली पिशवी. गुलाम बाळगणाऱ्यांचं रक्त देव असंच सांडेल, अशा अर्थाचं बोलून त्याने पुस्तकात तलवार खुपसली. रस आजूबाजूला बसलेल्या प्रतिष्ठितांच्या अंगावर उडाला. त्याला उचलून बाहेर काढलं गेलं. पुढे तो एका गुहेसारख्या घरात राहिला. स्वतःचे कपडे स्वतः विणले आणि गुलामांच्या कष्टातून आलेली साखर तोंडात घातली नाही. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सदस्यांवर कारवाई करण्याचा ठराव केला. ती बातमी ऐकायला तो जिवंत होता.

ले याच्या तलवारीइतकीच अँथनी बेनेझेटची फळा-खडूची नोकरी कामाला आली. फ्रान्समधून परागंदा झालेल्या कुटुंबातला हा क्वेकर, पेशाने शिक्षक. दिवसा तो नेहमीची शाळा घेई आणि १७५० पासून संध्याकाळी स्वतःच्या घरी काळ्या मुलांना शिकवी. त्यांची बुद्धी गोऱ्या मुलांपेक्षा कमी नाही, हे तो वर्गातल्या अनुभवावरून सांगत असे. त्याने आणखी एक मोठं काम केलं. व्यापाऱ्यांची आणि प्रवाशांची वर्णनं वाचून, ताडून, आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावर माणसं कशी पकडली जातात, जहाजांत कशी कोंबली जातात याची माहिती त्याने पुस्तकांत मांडली. त्यातलं १७७१ चं पुस्तक पुढे केंब्रिजमधल्या थॉमस क्लार्क्सन या तरुण विद्यार्थ्याच्या हाती पडलं. तो लॅटिन निबंधस्पर्धेसाठी साहित्य शोधत होता. बक्षीस मिळालं, पण विषय काही त्याला सोडेना.

२२ मे १७८७ रोजी लंडनमधल्या एका छापखान्यात बारा जण जमले आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन झाली. बारांपैकी नऊ जण क्वेकर. क्लार्क्सन क्वेकर नव्हता, पण समितीचे पाय तोच झाला. ब्रिस्टल आणि लिव्हरपूलच्या धक्क्यांवर, खलाशांच्या गुत्त्यांत जाऊन त्याने जबान्या गोळा केल्या. दुकानांतून बेड्या, अंगठे पिळायचे चाप, तोंड उघडायची अवजारं विकत घेतली. त्याची एक पेटी होती. तिच्यात आफ्रिकेतले सुंदर कापडाचे नमुने, मसाले, लाकूड, चामडं असे. या लोकांशी माणसांखेरीज कितीतरी गोष्टींचा व्यापार करता येईल, हे तो पेटी उघडून दाखवी. ‘ब्रुक्स’ या जहाजात साडेचारशेच्यावर माणसं कशी रचून ठेवतात याचा आराखडा समितीने छापला आणि घरोघरच्या भिंतींवर तो लागला. थोडक्यात, ही चळवळ कागद जमवणाऱ्यांनी आणि ते लोकांना समजावून सांगणाऱ्यांनी उभी केली. शोध घेणं आणि शिकवणं हीच तिची हत्यारं होती.

हे सगळं श्रेय मात्र इंग्रज सज्जनांच्या पदरात टाकता येत नाही. स्वतः गुलाम म्हणून विकला गेलेल्या ओलाउदाह इक्वियानोने १७८९ मध्ये आत्मचरित्र छापलं आणि गावोगाव फिरून लोकांपुढे ठेवलं. हैतीतल्या गुलामांनी १७९१ मध्ये उठाव करून फ्रेंच मळेवाल्यांची सत्ता उलथली. जमैकात १८३१ च्या नाताळात हजारो गुलाम उठले. मॉरिशसमध्ये पळून गेलेले गुलाम ल मॉर्न या डोंगराच्या आडोशाला राहत. तो डोंगर आज जागतिक वारसा आहे.

साखरेकडे आता वळायला हवं, कारण तिच्याच मागे कोकणची माणसं गेली. १७९१ नंतर इंग्लंडमध्ये हजारो घरांनी वेस्ट इंडीजची साखर सोडली. या बहिष्कारात बायका पुढे होत्या, कारण चहाचं टेबल त्यांच्या हातात होतं. १८२० च्या दशकात ‘ईस्ट इंडियाची, गुलामांनी न बनवलेली साखर’ अशा अर्थाची अक्षरं असलेली भांडी घरोघर दिसू लागली. हिंदुस्थानातली साखर म्हणजे स्वच्छ साखर, असा हा हिशेब. हिंदुस्थानात गुलामगिरी नाही, असं मात्र त्यातून परस्पर ठरून गेलं.

१८०७ मध्ये ब्रिटिशांनी गुलामांचा व्यापार बंद केला, १८३३ मध्ये गुलामगिरीच रद्द करण्याचा कायदा केला. नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड वाटले. वाटले ते मालकांना. गुलामांना एक छदाम मिळाला नाही. मॉरिशसमधले सुमारे ६६ हजार गुलाम कायद्याने मोकळे झाले, तरी ‘उमेदवार’ म्हणून आणखी चार वर्षं त्यांना जुन्याच मालकांकडे राबावं लागलं. ते बंधन १८३९ मध्ये सुटलं तेव्हा बहुतेकांनी उसाच्या मळ्याकडे पाठ फिरवली. मळेवाल्यांच्या हातात भरपाईचे पौंड होते आणि बाजारात साखरेला भाव होता. कमी होती फक्त राबणाऱ्या हातांची. ती हिंदुस्थानाने भरून काढली.

रत्नागिरीतून माणूस का गेला, याचं उत्तर तिच्या मातीत आणि खोतीत आहे. कातळाची जमीन, पाऊस धो धो पण पिकायचं ते चार महिने. पिकलेल्यातला वाटा गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताला, वर वेठ. जिल्ह्यातली तरणी माणसं आधीपासून पलटणीत आणि मुंबईला जात होतीच. मुंबईच्या धक्क्यावर काम शोधणाऱ्याला, समुद्रापलीकडे दरमहा पाच रुपये, तांदूळ, डाळ, कपडे मिळतात असं कुणी सांगितलं, तर तो भुलला यात नवल नाही. करार पाच वर्षांचा. अंगठा उठवला की मोडता यायचा नाही. ‘ॲग्रीमेंट’चं गिरमिट झालं आणि करारावर गेलेला माणूस गिरमिटिया.

तिथे पोचल्यावर काय वाट्याला यायचं, हे कायद्याच्या कलमांतूनच कळतं. एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. दिवाणी कराराचा भंग केल्याबद्दल फौजदारी शिक्षा होई; म्हणजे कामावरून पळालेला मजूर थेट तुरुंगात. १८६७ च्या कायद्याने मुदत संपलेल्या मजुरालाही स्वतःचं छायाचित्र लावलेलं ओळखपत्र सतत जवळ बाळगावं लागे. ते नसलं की भटक्या म्हणून अटक. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याने मजुरांच्या बाजूने अर्ज तयार केला आणि त्यावर ९,४०१ मजुरांच्या निशाण्या घेतल्या. त्यातून शाही चौकशी आयोग आला. १८७५ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालाने यातलं पुष्कळ खरं असल्याचं मान्य केलं.

गिरमिट म्हणजे गुलामगिरीच का, हा वाद इतिहासकारांत अजून चालू आहे. ह्यू टिंकरने १९७४ च्या आपल्या पुस्तकात ती गुलामगिरीचीच नवी पद्धत ठरवली. मरीना कार्टर यांच्यासारख्या नंतरच्या अभ्यासकांनी मजुरांची पत्रं, अर्ज, जबान्या तपासून दाखवलं, की ही माणसं नुसती फसवलेली नव्हती. काहीजण परत येऊन नातलगांना घेऊन गेले, काहींनी जमिनी घेतल्या. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण गिरमिटिया विकला जात नव्हता आणि त्याची मुलं जन्मतः मालकाची होत नव्हती, हा फरक पुसून चालणार नाही. आफ्रिकेतून आणलेल्यांच्या वंशजांवर तो अन्याय होईल. मॉरिशसने या दोन्ही इतिहासांची चौकशी करायला सत्य व न्याय आयोग नेमला आणि २०११ मध्ये त्याचा अहवाल आला. गुलाम आणि गिरमिटिये यांची दुःखं एकाच अहवालात, पण वेगवेगळी मांडलेली.

क्वेकर गिरमिटाच्या वेळीही गप्प बसले नाहीत. बर्मिंगहॅमचा धान्यव्यापारी जोसेफ स्टर्ज हा क्वेकर. मोकळ्या झालेल्या गुलामांची स्थिती पाहायला तो स्वतः वेस्ट इंडीजला जाऊन आला होता. त्याच्या पुढाकाराने १८३९ मध्ये स्थापन झालेल्या गुलामगिरीविरोधी संस्थेने हिंदुस्थानी मजुरांच्या या वाहतुकीवरही हल्ला चढवला. त्याच वर्षी ती वाहतूक बंद झाली, पण १८४२ मध्ये मळेवाल्यांनी ती पुन्हा सुरू करून घेतली.

ती कायमची बंद पाडायला सत्तरहून जास्त वर्षं लागली, आणि त्या लढ्यात पुढे उभा राहिला तो रत्नागिरी जिल्ह्याचाच माणूस. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ मध्ये गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावचा. २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी कायदेमंडळात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीला गिरमिटिये पाठवणं बंद करण्याचा ठराव आणला. तो मान्य झाला. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी पद्धतच मुळापासून काढून टाकण्याचा ठराव मांडला. माणूस कशावर अंगठा उठवतो हे त्याला समजत नाही, बायकांचं प्रमाण कमी ठेवल्याने संसार उद्ध्वस्त होतात, आत्महत्या वाढतात, दिवाणी चुकीला फौजदारी शिक्षा होते. एकेक मुद्दा आकड्यांनिशी. सरकारी बहुमताने ठराव पाडला. १९१५ मध्ये गोखले गेले. दोन वर्षांनी भरती थांबली आणि १ जानेवारी १९२० पासून उरलेसुरले करारही रद्द झाले. गोखल्यांची आठवण नेमस्तांचे पुढारी आणि गांधीजींचे गुरू म्हणून निघते. लाखो मजुरांच्या पायातली बेडी तोडायला त्यांनी काय केलं, हे त्यांच्या जिल्ह्यातल्या किती मुलांना ठाऊक असेल?

एवढ्यावर थांबलो तर आपल्या घरातली बाजू राहून जाईल. साखरेच्या भांड्यांवर काहीही लिहिलेलं असो, हिंदुस्थानात गुलामगिरी होती आणि मराठी मुलखातही होती. पेशवे दफ्तरातल्या कागदांत कुणबिणी आणि बटकी जागोजाग भेटतात. या बायका किल्ल्यांवर, पागेत, कोठीत, मोठ्या वाड्यांत राबत. त्यांची खरेदी-विक्री होई आणि तिच्यावर सरकार जकात घेई. त्या बक्षीस म्हणून दिल्या जात. शिंदळकीच्या आरोपावरून बायकांना सरकारजमा करून कुणबीण केलं जाई. दुष्काळात आईबाप पोरं विकत. सुमित गुहा यांनी अठराव्या शतकातल्या या व्यवस्थेवर केलेलं काम मराठी वाचकाने वाचावं असं आहे. सवाई माधवरावांच्या काळातले वाडे मग निराळ्या नजरेने दिसतात. समुद्राकडून हबशी आले. मलिक अंबर गुलाम म्हणून विकला गेला आणि निजामशाहीचा कर्ताकरविता झाला. जंजिऱ्याच्या सिद्दींचा अंमल दाभोळच्या खाडीवरच्या अंजनवेलपर्यंत पोचला होता.

१८३३ च्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. इथे कायदा आला तो १८४३ चा पाचवा, आणि त्याने गुलामांवरचे हक्क कोर्टात मानले जाणार नाहीत एवढंच सांगितलं. गुलाम बाळगणं हा गुन्हा ठरला तो १ जानेवारी १८६२ पासून, दंडविधान लागू झाल्यावर. त्या सुमारास अरबी समुद्रात ब्रिटिश आरमाराने गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरत. त्यांतली काही नाशिकजवळच्या शरणपूरला मिशनच्या आश्रमात सुतारकी, लोहारकी शिकली. आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या मोहिमेत असे ‘नाशिकचे मुलगे’ होते. जेकब वेनराइट हा त्यांच्यापैकीच. १८७४ मध्ये लिव्हिंग्स्टनचं शव वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरलं तेव्हा ते वाहून आणणाऱ्या आफ्रिकनांपैकी तो एकटा हजर होता.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं, तेव्हा अर्पणपत्रिका गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना उद्देशून लिहिली. त्यांच्याकडे पाहून आपल्या लोकांनीही शूद्र बांधवांची सुटका करावी, ही त्यांची आशा होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे नेलेल्या अर्जाची चौकशी केली. अस्पृश्यता आणि गुलामगिरी यांची तुलना त्यांनी वारंवार केली. खोती रद्द झाली ती १९४९ च्या कायद्याने. वेठबिगारीविरुद्धचा केंद्राचा कायदा आला १९७६ मध्ये, आणि कोळशाच्या भट्टीवर उचल घेऊन जाणाऱ्या कातकरी कुटुंबांना त्याची गरज त्यानंतरही भासली.

हा सगळा इतिहास शोधायला कागद आहेत. मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या आहेत. त्यांत क्रमांक, जहाज, नाव, बापाचं नाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव अशा रकान्यांत एकेक माणूस मावलेला आहे. १८६० च्या दशकापासूनची छायाचित्रंही आहेत. लिहिणारे कारकून परके, त्यामुळे गावांची नावं ओळखू येईनाशी झालीत. आडनावांचा तर पत्ताच नाही. बापाचं नुसतं नाव पुढे घराण्याचं आडनाव होऊन बसलं. इथेच रत्नागिरीच्या माणसाची गरज लागते. ‘देवरूख’, ‘मालगुंड’, ‘निवळी’ फ्रेंच-इंग्रजी वळणाच्या अक्षरांत कशी दिसतील, हे पोर्ट लुईसच्या अभ्यासकापेक्षा इथल्या पोस्टमनला लवकर कळेल. मुंबईत राज्य पुराभिलेखागारात सरकारी पत्रव्यवहार आहे. पुण्यात पेशवे दफ्तराचे रुमाल आहेत. ते उघडायला मोडी यावी लागते आणि मोडी शिकायला काही महिने पुरतात.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या इतिहासाच्या शिक्षकांनी हा विषय येत्या वर्षी वर्गात घ्यावा. लिंकनच्या धड्याला जोडून गोखल्यांचं १९१२ चं भाषण वाचायला द्यावं, मुलांना आजीआजोबांकडे विचारायला पाठवावं: आपल्या भावकीतलं कुणी ‘मिरीच देशा’ला, मॉरिशसला गेल्याचं बोललं जातं का? खोताकडे वेठ कोण भरत असे? आणि ज्यांच्या माळ्यावर, देवघरातल्या पेटीत मोडीतले जुने कागद पडून आहेत, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत, वाळवीच्या स्वाधीन करू नयेत. एखाद्या कुणबिणीच्या खरेदीखताची लाज वाटून ते जाळू तर मुळीच नये. त्या बाईचं नाव जगात फक्त त्याच एका कागदावर असण्याची शक्यता आहे. कागद जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात दाखवा, त्याचं छायाचित्र काढून ठेवा, वाचून घ्या.